अपडेट येत आहे, हात लावू नये

वाचनालयात नवी पुस्तकं वर्षातून एकदा येतात, किस्से मात्र रोज येतात. पुस्तकावर शिक्का मारून ते कपाटात ठेवता येतं. किस्सा कुणाच्या तरी तोंडी घरी जातो आणि परत येताना थोडा जाड होऊन येतो! मी अल्लीपूरच्या आमच्या वाचनालयात बसतो आणि ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवतो, म्हणून हे किस्से अजून आपल्या मूळ जाडीचेच आहेत.

सगळे एकाच कारणाने घडले. झाडे सरांना स्वतः पेपर वाचायचा होता.

सर इथल्याच शाळेतून निवृत्त झाले आणि पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तेव्हापासून त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू रोज सकाळी त्यांना हात धरून आणतात आणि पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. एकदा सर मला म्हणाले, "सुशीला वाचते चांगलं. पण हे म्हणजे दुसऱ्याच्या हातानं जेवणं हाये. मले माह्या मनानं वाचायचं हाये."

काकू म्हणाल्या, "होऊ द्या एकदाचं. मले सुट्टी!"

*

इंटरनेटवरच्या पेपरचं पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर टाकलं. ते सुरूच होईना. स्क्रीनवर आलं, 'नवीन आवृत्तीचं रनटाइम हवं.' रनटाइम म्हणजे सॉफ्टवेअर ज्याच्या आधारावर चालतं ते खालचं सॉफ्टवेअर. ते आमच्याकडे होतं, आणि त्याचं ऑटोमॅटिक अपडेटही चालू होतं. तिथे तपासलं, तर उत्तर आलं, 'तुमच्याकडे सर्व अपडेट झालेले आहेत.'

सर म्हणाले, "दोघांतलं एक खोटं बोलून राह्यलं."

लाइनमन म्हणून निवृत्त झालेले नगराळेभाऊ शेजारीच बसले होते. "दोघंबी खरं बोलत असन, सर. माह्या घरी रोज असंच होते!"

*

कॉम्प्युटर रिकामा असला की अपडेट येतं, असं नगराळेभाऊंनी कुठेतरी ऐकलं. त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून स्क्रीनला चिकटवली, 'अपडेट येत आहे, हात लावू नये.' लोक त्या टेबलाशेजारून दबक्या पावलांनी जाऊ लागले. आमच्याकडे आजारी माणसाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढतात, तशा एका बाईंनी काढल्या आणि हळूच मला विचारलं, "कधीपासून असं हाये याचं?"

नगराळेभाऊ गंभीरपणे म्हणाले, "चार-पाच दिवस झाले. खातपित काई नाई."

*

अपडेट काही आलं नाही. शेवटी मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "दादा, ऑटोमॅटिक अपडेट जुन्याच आवृत्तीतल्या दुरुस्त्या आणतं. पुढची आवृत्ती ते कधीच आणणार नाही. ती तुम्हालाच जाऊन घ्यावी लागेल."

मी ते सरांना सांगितलं. ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मीबी तसाच बसलो होतो रे. आज दिसन, उद्या दिसन. डॉक्टरकडे गेलो तोवर उशीर झालता."

नगराळेभाऊंनी उठून स्क्रीनवरची पाटी काढली.

*

नवं रनटाइम घेण्याआधी मला एक धास्ती होती. आमची पुस्तकांची यादी जुन्यावर चालते. जुनं काढलं तर यादी बंद पडायची! मग कळलं की दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर राहू शकतात. यादी जुन्यावर चालेल, पेपर नव्यावर.

नगराळेभाऊ म्हणाले, "मंग तं सोपं हाये. भाऊ-भाऊ एका घरात, चुली वेगळ्या. भांडण नाई."

*

नवं रनटाइम टाकलं आणि मशीन बोललं. आवाज जरा शाळेतल्या हुशार पोरासारखा, कुठेही न थांबणारा. सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. हवामान ऐकलं, कापसाचा भाव ऐकला. "काकूची सुट्टी मंजूर!" नगराळेभाऊ म्हणाले. काकू हसल्या. सर म्हणाले, "आता आतलं पान लाव."

मी लावलं. मशीनने त्याच आवाजात वाचलं, "वडनेर येथील सेवानिवृत्त शिक्षक बबनराव पोहाणे यांची तेरवी उद्या त्यांच्या राहत्या घरी…"

बबनराव सरांचे जुने सोबती. दोघांनी एकाच शाळेत नोकरी केली होती. गेला आठवडाभर सर विचारत होते, "बबनचा फोन काऊन लागत नाई?" बबनराव गेल्याचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पेपरात फोटोसकट बातमी आली, त्या दिवशीही काकूंनी ह्याच टेबलावर बसून पेपर वाचला होता.

मशीन पुढची जाहिरात वाचू लागलं. सर म्हणाले, "बंद कर."

दुसऱ्या दिवशी सर आणि काकू वडनेरला तेरवीला जाऊन आले. त्याच्या पुढच्या सकाळी नेहमीच्या वेळी वाचनालयात हजर. मी कॉम्प्युटर सुरू करून ठेवला होता. सरांनी चाचपडत टेबलावरचा पेपर शोधला आणि काकूंकडे सरकवला.

"वाच."

काकू हळूच म्हणाल्या, "आता मशीन हाये ना?"

"मशीन चांगलं वाचते," सर म्हणाले. "पण त्याले काय गाळावं ते समजत नाई."