पहिल्या प्रतीची तूरडाळ

माझी आई, शैला, बावीस वर्षं अकोल्याच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडायला होती. पोत्यावर ‘पहिली प्रत’ शिक्का पडायचा तो हिच्या बोटांच्या जिवावर, आणि चढा भाव खायचा मालक. संध्याकाळी निवडलेले खडे मुकादमाला दाखवले तरच हिला रोजी. बाबा गेल्यावर मी तिला माझ्याकडे नेदरलँड्सला, अ‍ॅमस्टेलव्हीनला आणलं. म्हटलं, आता तरी बोटांना आराम.

कसला आराम! मार्चमध्ये वरणात खडा आला आणि आईची दाढ तुटली. पाकिटावर मात्र ‘प्रीमियम, निवडलेली’. माझं डोकंच फिरलं. आयातदाराला मेल केला. उत्तर काय, तर थोडे खडे नियमात बसतात, त्याच पाकिटातली अर्धा किलो पाठवा, तपासून घेऊ. बसतात म्हणे! तुमच्या दाढेखाली बसवा ना! मला भरपाई नको होती, ती डाळ दुकानातून उठायला हवी होती.

उरलेली डाळ पिशवीत भरली, पत्ता लिहिलेला खोका शेजारी ठेवला आणि ऑफिसला गेले. आईने पार्सल बांधून सुपरमार्केटातल्या पोस्टाच्या खिडकीवर देऊनही टाकलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. खडे-माती शून्य, पहिली प्रत. मी किंचाळलेच, "चोर आहेत मेले!"

"अगं, मीच निवडून दिली," आई म्हणाली. "परक्याच्या घरी जायची होती ना? खड्यांची डाळ कशी पाठवायची? लाज नाही वाटणार?"

"आई, पुरावा होता तो!"

तिने हिंगाची रिकामी डबी आणली. आत खडे. मुकादमाच्या धाकाने लागलेली सवय, निवडलेलं कधी फेकायचं नाही. "आता हे कोण मानणार?" मी चिडून म्हटलं. तिने डबी पर्समध्ये टाकली.

शनिवारी ती डाळ घेतली होती त्या भारतीय दुकानात आम्ही दोघी गेलो. आयातदाराने तो अहवाल सगळ्या दुकानांना वाटला होता. इथे तूरडाळीच्या फळीवर फ्रेम करून लावलेला, आणि किलोमागे चाळीस सेंट वाढवलेले. संताप संताप झाला माझा. आईने मला तो वाचून दाखवायला लावला आणि काउंटरपाशी गेली. रांगेतले लोक बघत राहिले.

तिने डबी दुकानदारासमोर उपडी केली.

"भैया, ये भी उस फ्रेम में लगाओ. वो पहला नंबर मेरे हाथ का है," आई म्हणाली. "अकोला में इसकी रोजी तो मिलती थी."