झाकण सपाट लागलं पाहिजे

आमच्या घरात सध्या मधमाश्या पाळण्यावरची तीन पुस्तकं आहेत. मधमाशी एकही नाही. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत मी, बायको आणि आई असे तिघं राहतो. चौथं काही पाळायचं म्हटलं तर त्याला उभंच राहावं लागेल.

पुस्तकं आली ती माझ्या नादापायी. कचेरी सुटली की मी पदपथावरचे जुन्या पुस्तकांचे ढीग उपसतो आणि एखादं पिशवीत भाजीखाली लपवून घरी आणतो. (बायकोला, म्हणजे वैशालीला, हे पक्कं ठाऊक आहे. मेथीची जुडी उचलताना ती शांतपणे विचारते, "आज काय, कादंबरी की प्रवासवर्णन?") पण या नादामागे एक जुनं दुखणं आहे. कॉलेजात असताना मी एका कादंबरीचा पहिला भाग वाचला. शेवटच्या पानावर नायक गाव सोडून निघालेला, एक पाय लाँचमध्ये, एक धक्क्यावर. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात पत्र देतं. तो ते वाचतो आणि लाँचमधला पाय मागे घेतो. भाग पहिला समाप्त! काय होतं त्या पत्रात? तीस वर्षं मी दुसरा भाग शोधत होतो. माझं लग्न झालं, केस गेले, पत्र काही कळेना.

तर गिरगावातल्या एका हॉलमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री लागली. पद्धत अशी, की एक खोकं घ्यायचं आणि मावतील तेवढी पुस्तकं त्यात भरायची. खोक्याला एकच दर. शेवटच्या दिवशी मी निघालो, तर आई म्हणाली, "माका पण ने. घरात बसान कंटाळलंय." मी नेलं. इथेच चुकलो.

आई शहात्तर वर्षांची. गणपतीला गावी जाताना सामान दरवर्षी तीच भरते. मिक्सरच्या भांड्यात कांदे, कांद्यांच्या फटीत लसूण. एकदा तिने एकाच पिशवीतून शेगडी, दोन समया आणि मामेभावाच्या लग्नातला आहेर नेला होता, आणि वर थोडी जागा राहिली म्हणून गाव येईपर्यंत हळहळत होती.

हॉलच्या दारातच काउंटरवरच्या बाईंनी अट सांगितली, "झाकण सपाट लागलं पाहिजे."

"झाकण लागला की झाला ना?" आईने विचारलं.

"हो आजी. मग कितीही भरा."

'कितीही' असं आईला कुणी सांगायचं नसतं.

पाचव्या मिनिटाला मला भाग दुसरा दिसला. जाडजूड, मळका, पाठ उसवलेली. तिथेच पत्र वाचणार होतो, पण म्हटलं, तीस वर्षं थांबलोय तर घरी जाऊन, चहा घेऊन, पाय पसरून वाचू. (रसिकपणा नडतो तो असा.) "आई, हे नक्की घ्यायचंय हं," असं बजावून पुस्तक तिच्या हातात दिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

परत येतो तर आई खोक्यापाशी मांडी घालून बसलेली, भोवती दहा माणसं. "माका पातळ बघून दी," असं ती एका टायवाल्या गृहस्थांना सांगत होती आणि ते मुकाट्याने शोधून देत होते. विषय, भाषा, लेखक, काही बघायचं नाही; बोटांनी जाडी चाचपायची आणि फटीत सरकवायचं. झाकण लागलं तेव्हा टाळ्या पडल्या.

टॅक्सीने घरी आलो, खोकं उपसलं. बासष्ट पुस्तकं निघाली. मधमाश्या, कानडी व्याकरण, गुजराती लोणची, बंद पडलेल्या बसमार्गांचं वेळापत्रक. भाग दुसरा नाही.

"आई, ते जाडं पुस्तक कुठाय?"

"ता जाडा? ता भायर काढलंय," आई अभिमानाने म्हणाली. "त्याच्या जागेर पाच बसली."

मी तसाच जिना उतरलो. वरून वैशालीचा आवाज आला, "अहो, चपला तरी घाला."

अनवाणी गिरगावात पोचलो. पुस्तक टेबलाखाली पडलं होतं! पण बाई म्हणाल्या, "सुटं देत नाही हो. खोकंच घ्यावं लागेल. आणि वीस मिनिटांत बंद करतोय."

घेतलं खोकं. भाग दुसरा तळाला आडवा, अगदी सुरक्षित ठेवला. आता सरळ निघायचं की नाही? पण एवढ्या खोक्यात एकच पुस्तक! लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन यायचं? पत्र कुठे पळून जातंय? मी भरत सुटलो. भरलं ते असं, की झाकण दोन बोटं वर. दाबलं, वर बसलो, तरी लागेना. बाई घड्याळ बघायला लागल्या. शेवटी घरी व्हिडिओ कॉल केला. वैशालीने फोन आईसमोर धरला.

"तळाक काय ता आडवा घातलंस?" आई कडाडली. "जागा खाता ता. काढ भायर, नि पातळ उभी घाल."

आईचा तो आवाज आला की पन्नाशीतही माझे हात आपोआप चालतात. आडवं काढलं, सहा पातळ उभी घातली. झाकण टक्कन बसलं. मलाही टाळ्या पडल्या.

घरी वैशालीने चहा तयार ठेवला होता. मी पाय पसरले, खोकं रिकामं केलं आणि मग पाय जवळ घेतले.

"मग? काय होतं पत्रात?" तिने विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं आणि ती हसत हसत पुस्तकांच्या ढिगावरच बसली. मी हॉलवर फोन केला. उरलेली सगळी पुस्तकं टेम्पोतून कुठल्या कुठल्या गावच्या वाचनालयांना रवाना झाली होती. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

झोपायला जागा हवी म्हणून मी दोन्ही खोकी परत भरायला घेतली. आई शेजारी येऊन बसली. माझ्या खोक्यात कुठे फट दिसते का म्हणून तिने बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"आता शिकलंस, बाबल्या," ती म्हणाली.

पन्नास वर्षांत तिने माझं केलेलं हे पहिलंच कौतुक. पत्रबित्र सगळं विसरून मी इतका खूश झालो, की लगेच वैशालीला विचारलं, पुढची विक्री कुठे आहे?