संडास घेऊन भाऊबीजेला

लोक बहिणीकडं भाऊबीजेला साडी घेऊन जातात, फराळाचा डबा घेऊन जातात. माझा धाकटा दीर संडास घेऊन गेला. स्वतःचा, चाकावरचा, पुण्याहून भाड्यानं आणलेला. मी त्या गाडीत बसून पिशोरपर्यंत गेले, त्यामुळं हे ऐकीव नाही.

गाडी आमच्या सिडकोतल्या घरापुढं येऊन उभी राहिली, तेव्हा मला वाटलं कुणाच्या लग्नाची बस चुकून आमच्या गल्लीत शिरली. "बस नाही वहिनी, मोटरहोम म्हणायचं," भावजी म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीचं नाव आधी दुरुस्त करायचं असतं. आत पलंग, गॅस, फ्रिज, बेसिन आणि अंघोळीची एवढीशी जागा. अंगाला साबण लावताना कोपर भिंतीला आपटावं इतकी एवढीशी. शेजारीच कमोड. माझी जाऊ त्या कमोडकडं असं बघत होती जसं काही तिनंच ते पोटात वाढवलंय.

भावजींनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. वरती चांगल्या पाण्याची टाकी. भांडी, अंघोळ, हात धुणं यांचं सांडपाणी खालच्या टाकीत. आणि संडासाचा वेगळा डबा, भरला की बाहेरून ओढून काढायचा. परदेशात म्हणे जागोजागी सोय असते, गाडी उभी करायची, पाइप जोडायचा, झालं.

"आणि आपल्याकडं?" मी विचारलं.

"आपल्याकडं होतं मॅनेज," भावजी म्हणाले.

हा शब्द ऐकला की मी समजून जाते की आता दुसऱ्या कुणाचं तरी मरण आहे. आमच्या घराण्यात पुरुषांनी मॅनेज केलेली प्रत्येक गोष्ट शेवटी बायकांनी निस्तरलेली आहे.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगते. आक्का म्हणजे माझी नणंद, दोघा भावांहून थोरली. पिशोरला दिलेली. गावाबाहेर शेतातच त्यांचं घर आहे, पुढं अद्रक, मागं मका, खाली उताराला विहीर. दरवर्षी भाऊबीजेला भाऊ सकाळी जातात, ओवाळून घेतात, पुरणपोळी हाणतात आणि उन्हं कलायच्या आत गाडीला किल्ली लावतात. मुक्कामाला कोणी राहत नाही. आक्का दरवर्षी म्हणायची, "एक रात तर ऱ्हा रे." दरवर्षी कुणाला तरी सकाळी काम असायचं. खरं काम असं होतं की आक्काकडचा संडास अंगणापलीकडं होता, पत्र्याच्या दाराचा, आणि माझ्या जावेला तिथं "नाही जमत". आम्हाला वाटायचं आक्काला हे कळत नाही. तिला पहिल्या वर्षापासून कळत होतं.

म्हणून तिनं यंदा दाजींच्या मागं लागून घरालगत नवं बाथरूम बांधून घेतलं. पांढऱ्याशुभ्र फरशा, कमोड, गीझर, आरसा. मागं पक्का खड्डा. तिनं त्याचे फोटो मोबाइलवर पाठवले, कमोडचा सुद्धा वेगळा फोटो, आणि खाली लिहिलं, "आता तरी ऱ्हा." भावजींनी अंगठा पाठवला. आणि मग ही गाडी घेऊन आले. वर कारण काय, तर, "आक्काला आपला त्रास नको."

माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, तुमच्या भावाला सांगा, हा त्रास नाही, हे तिच्या तोंडावर दार लावणं आहे. तो म्हणाला, "जाऊ दे ना, हौस आहे त्याची." हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं आहे, कारण मोल हौस करणारा देतच नाही.

पिशोरला पोहोचलो. घरापर्यंतची वाट गाडीला अरुंद पडली म्हणून ती विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली उभी केली. आक्का पदराला हात पुसत पळत आली. तिनं गाडीला बाहेरून हात लावून बघितला, आतून बघितली, कमोड बघितला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. "लई भारी हाय की," एवढंच म्हणाली, आणि चहा टाकायला घरी गेली.

ओवाळणं झालं, जेवणं झाली. आक्कानं आतल्या खोलीत गाद्या घातल्या होत्या, नव्या चादरी, उशांना नवे अभ्रे. बाथरूममध्ये साबणाची वडी वेष्टनासकट ठेवली होती, पाहुण्यानंच उघडावी म्हणून. आणि हे तिघं, म्हणजे दीर, जाऊ आणि माझा स्वतःचा नवरा, "गुड नाइट आक्का" करून गाडीकडं चालू लागले. नवऱ्याला मी डोळ्यांनी खूप सांगितलं, पण त्याला गाडीत झोपून बघायचं होतं. साठी जवळ आली तरी. मी आक्काच्या घरात झोपले. सकाळी मी नवी वडी न फोडता, माझ्याच साबणानं अंघोळ करून आले तर ती बाहेरच घुटमळत होती. "गरम पाणी बराबर आलं का? घसरडं नाय ना?" मी म्हटलं, आक्का, आमच्या सिडकोत असं नाही. ती हसली, पण नजर लिंबाकडंच होती.

दुसरा दिवस अजिंठ्याला गेला. लेण्यांत सगळ्यांनी माना वर करून फोटो काढले आणि पार्किंगला परत आल्यावर भावजींनी पहारेकऱ्याला विचारलं की टाकी कुठं मोकळी करता येईल. त्या बिचाऱ्यानं गाडीच्या खाली वाकून बघितलं, भावजींकडं बघितलं, आणि "माहीत नाय साहेब" म्हणून पुढच्या गाडीला शिट्टी मारली. तेव्हा टाक्या जशा नेल्या तशाच डुचमळत पिशोरला परत आल्या. जावेचा नियम असा की केस रोज धुवायचे. तांदूळ धुतलेलं पाणी, केस धुतलेलं पाणी, कप विसळलेलं पाणी, सगळं त्या एका टाकीत. मी एकदा म्हटलं, अगं, कप बाहेर नेऊन लिंबाला विसळ. तर म्हणाली, "ताई, मग गाडी कशाला आणली?"

मीही तेच विचारत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली आणि दाजींनी विहिरीवरची मोटर सुरू केली. पाहुण्यांची टाकी भरून द्यावी म्हणून त्यांनी पाइप गाडीकडं ओढला आणि हाक मारली, "पाणी आलंय!"

आता हे दोन शब्द आमच्या शहरातल्या माणसाला म्हणायचे नसतात. आमच्याकडं नळाला पाणी कितीएक दिवसांनी येतं. आलं की घरातलं जे पाणी भरलेलं असतं, ते त्या क्षणाला शिळं होतं. काल तेच पाणी आपण जपून जपून वाटीनं वापरलेलं असतं. पण नवं आलं की हंडे, बादल्या, टिपाड सगळं मोरीत पालथं, आणि ताजं भरायचं. पाण्यासाठी मोर्चे काढणारं शहर पाण्याच्या दिवशी निम्मं पाणी गटारात ओततं, आणि त्याला शिस्त म्हणतं. माझ्या नवऱ्याचा जन्म यात गेला. तो पलंगावरून उठला आणि डोळे नीट उघडायच्या आत त्यानं बेसिनचा नळ सोडला, ओट्याचा नळ सोडला, शॉवर सोडला. "शिळं काढून टाकतो, मग भरा," असं खिडकीतून दाजींना ओरडून सांगितलं.

शिळं पाणी गेलं कुठं? खालच्या टाकीत. ती आधीच काठोकाठ. मग ते अंघोळीच्या जागेतल्या जाळीतून वर आलं. भात, केस, शॅम्पूचा फेस, चहाचा चोथा, सगळं तरंगत तरंगत पलंगाकडं निघालं. जाऊ पलंगावर चप्पल हातात घेऊन उभी. नवरा अजून शॉवर बंद करायचा सोडून ही जाळी कशी तुंबली ते वाकून बघतोय. मी दारात होते. मला हसू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

भावजी गाडीखाली शिरले, टाकीचा खटका उघडायला. दाजी तसे मितभाषी माणूस. पण त्यांनी पाइप टाकला आणि भावजींचा पाय धरून त्यांना मागं ओढलं. "खाली इहीर हाय," ते म्हणाले. "आमी पितो ते." भावजींना तो उतार दोन दिवस दिसला नव्हता. दोन दिवस त्याच विहिरीचं पाणी पीत होते तरी.

आक्का आली. तिनं काय झालं ते बघितलं आणि काहीही न विचारता म्हणाली, "भांड्या-न्हाण्याचंच हाय ना? पल्याड केळीच्या आळ्यात सोडा." गाडी पलीकडं नेली, टाकी केळींना मोकळी झाली. तिथवर ठीक होतं. पण संडासाच्या डब्याचा लाल दिवाही लागला होता, आणि खरं घोडं इथंच पेंड खात होतं.

भावजींचा पहिला विचार ओढा. दाजींनी नाही म्हणून मान हलवली. दुसरा विचार, शेतात खड्डा करू. तर जाऊ म्हणाली की डब्यात वास मारायचं निळं औषध टाकलंय, ते जमिनीला चालतं का माहीत नाही. मग भावजी खिशातून पाकीट काढत म्हणाले, "आक्का, गावात कोणी माणूस असेल ना? बोलव. देऊ त्याला काय ते."

आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की मी हसायची थांबले.

"कसला माणूस?" ती म्हणाली. "तुझं उचलायला? तसलं काम करणारं आता गावात कुणी नाय, आन् असतं तरी मी बोलावलं नसतं. तुझं हाय, तू उचल. बाथरूमचं दार उघडंच हाय."

एवढं शिकलेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण दोन दिवसांत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की हे आपल्यालाच उचलावं लागेल. ते कमोडचं बटण दाबत होते आणि त्यांच्या लेखी ते जगातून नाहीसं होत होतं. मला त्या डब्याची किळस नाही आली. त्या पाकिटाची आली, आणि ती अजून जात नाही.

डब्याला खाली दोन चाकं आणि वर ओढायचा दांडा. हुबेहूब प्रवासाची बॅग. भावजी नाकाला रुमाल बांधून तो ओढत निघाले, वाळत घातलेल्या मक्याच्या कडेनं, अंगणातून, ओसरीवरून. शेजारच्या शेतातली म्हातारी बांधावर उभी होती. तिला लांबून रुमाल काही दिसला नसावा. तिनं कपाळावर हात धरून बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "आला का गं तुझा भाऊ मुक्कामाला?"

आक्का म्हणाली, "व्हय."

भावजींनी तो डबा आक्काच्या नव्या कमोडमध्ये रिकामा केला. अर्धा पांढऱ्या फरशांवर. नंतर त्यांच्या अंगावरही उडालं असणार, कारण गीझरचा आवाज आला आणि ते बराच वेळ अंघोळ करत राहिले. साबणाची वडी त्यांनीच फोडली. बाहेर आले ते ताजेतवाने होऊन. "आक्का, मस्त केलंय गं बाथरूम," ते म्हणाले. "एकदम हॉटेलसारखं. पुढच्या वर्षी नक्की राहू."

गाडी स्वच्छ करून परत द्यायची होती, उशीर झाला तर मालक कटकट करतो, म्हणून ते जेवायलाही थांबले नाहीत. मी नवऱ्याला सांगितलं, तुम्ही जा, मी उद्याच्या एसटीनं येते. त्यानं का म्हणून विचारलं नाही. एवढी अक्कल त्याला अजून शिल्लक आहे.

गाडी रस्त्याला लागल्यावर मी आत आले तर आक्का पदर खोचून बाथरूममध्ये ओणवी झाली होती, हातात ब्रश आणि फिनेलची बाटली. वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. माझा संताप झाला. मी म्हटलं, आक्का, आत्ता सकाळी तुम्हीच म्हणालात ना, ज्याचं त्यानं उचलावं? मग त्यांना घासायला का नाही लावलंत? फोन करते, परत बोलावते. नाहीतर द्या तो ब्रश इकडं, मी घासते.

तिनं ब्रश दिला नाही. फरशांच्या सांध्यांतून निळं पाणी काढत राहिली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्याचं एवढंच तर ऱ्हायलं माझ्या घरी."