चांदणीला भेटायला आलेले पाहुणे

"डाक्टरसाहेब, माझी घोडी दावणीवरून हललीच न्हाई. मंग हिला खोकला आला कुठून?" गुरपादअप्पा मलाच विचारत होते. मला माहीत असतं तर मी त्यांच्या ओट्यावर असा डोकं धरून बसलो असतो का!

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. उदगीरकडच्या गावांत घोड्यांना फ्लू आला होता. आपल्यासारखाच: ताप, नाकातून पाणी, कोरडा खोकला. विषाणूचा आजार, त्याला नेमकं औषध नाही. घोड्याला पूर्ण आराम द्यायचा आणि निरोगी घोड्यांपासून लांब ठेवायचं, बस्स. मी घोड्यांची ये-जा बंद केली. बाजारात घोडा नाही, वरातीत घोडा नाही. नवरदेव मला शिव्या घालत पायी मारुतीला गेले. तरी रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातच होता.

जिल्ह्याचे आमचे साहेब फोनवर म्हणाले, "नांदेडकडून आला असेल. तसा रिपोर्ट करा."

मी नांदेडच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, आम्ही तर लातूरकडून आला म्हणून लिहून मोकळे झालो!"

झालं! माझं डोकंच चालेना.

अप्पांची चांदणी गाभण होती, दिवस भरत आले होते. अप्पांना मूलबाळ नव्हतं. लेकीशी बोलावं तसं ते तिच्याशी बोलत. ताप उतरला नाही तर पोटातलं शिंगरू जाणार, कदाचित तीही. अप्पांच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या गावचे त्यांचे साडू सायकलवरून आले. हँडलला तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची थैली. आत भिजवलेले हरभरे.

"चांदणीला भेटाय आलो," ते म्हणाले. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं कोण जातं? त्यांनी तोबरा तिच्या तोंडाला बांधला. तिनं दोन घास घेतले, आतच खोकली आणि मान फिरवली. आमचा चहा झाला. साडू उठले, तोबरा सोडून परत हँडलला अडकवला.

"अहो, हे कुठं?"

"घरी. आमचा घोडा खाईल. दुष्काळात दाणा टाकला तर पाप लागंल, साहेब."

मी थैलीत डोकावलो. हरभऱ्यांवर चांदणीच्या नाकातलं पाणी.

"अप्पा, तुम्ही कुणाच्या घोड्याला भेटायला गेला होता?"

"गेलतो की. देगलूरला, मेव्हण्याकडं. तोबरा घेऊनच..." अप्पांची नजर साडूंच्या हँडलवर गेली. "म्हंजी मीच आणला व्हय?"

मला रागावताच येईना. घोडे मी बांधून घातले होते. तोबरे गावोगाव पाहुणचार करत फिरत होते!

हरभरे खड्ड्यात पुरले, तोबरा उकळला. गावोगाव दवंडी दिली: आजारी घोड्याला लांबूनच भेटा, आणि रिकाम्या हातानं जा. लोक म्हणाले, "डाक्टरला माणुसकी न्हाई." म्हणू देत. साथ हळूहळू ओसरली.

पुढे मीच हिवतापानं अंथरुणाला खिळलो. एका सकाळी अप्पा दारात उभे. उंबऱ्याबाहेरूनच दोन्ही हात पसरून दाखवले.

"बघा साहेब, एक केळंसुदिक आणलं न्हाई. तुमचीच आर्डर हाय!"

"चांदणी?"

"व्याली की! शिंगरू लई गोड हाय. फकस्त तुमच्यावानी सारखं चिडतंय."

तेव्हापासून कुठंही साथ आली की मी पहिल्यांदा एकच विचारतो: आजाऱ्याला भेटायला कोण आलं होतं, आणि जाताना काय परत घेऊन गेलं?