ताण तोडायचा दिवस

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघंही एका सुरात म्हणालात, "आजी, परीक्षेचा फार ताण आहे." तेव्हापासून मला सक्करदऱ्याचे भाऊजी आठवत आहेत, कारण ताण ही चांगली गोष्ट आहे असं मनापासून मानणारा, मला भेटलेला तो एकमेव माणूस. तुमच्या आजोबांचे हे मित्र. तुम्ही लहान असताना त्यांनी तुमच्या कपाळावर तापमापकाची बंदूक रोखली होती आणि तुम्ही पलंगाखाली लपला होतात.

ती बंदूक खरं तर झाडांसाठी होती. तहानलेलं पान उन्हात तापतं, पाणी प्यालेलं गार राहतं, हे त्यांचं शास्त्र. उपग्रहाने काढलेली चित्रं पाहून कुहीकडच्या कोणत्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, धान सुकत चाललं आहे, हे ते नागपुरात बसून सांगत. पण गांधीबागेत समोर उभी असलेली सख्खी मेहुणी त्यांना ओळखू येत नसे. वर म्हणायचे, "वहिनी, मले आभाळातून पाहाची सवय. जवळचं दिसत नाही." लग्नात पंगत सोडून ते मांडवाच्या केळीच्या खांबांवर बंदूक रोखत आणि वधूपित्याला गंभीरपणे सांगत, "यायले ताप आहे हो."

अंगणात त्यांचं संत्र्याचं एक झाड होतं. दर थंडीत ते त्याचं पाणी बंद करत. आपल्याकडे संत्र्याच्या बागेत असंच करतात: झाड ताणावर सोडायचं, पानं मलूल झाली की पाणी द्यायचं, मग ते फुलतं. त्या पहिल्या पाण्याला 'ताण तोडणं' म्हणतात. पण त्यांच्या बायकोला, कुमुदला, झाडाची दया यायची. ती भांडी विसळलेलं पाणी गुपचूप ओतायची, आणि भाऊजी पानावर बंदूक धरून ओरडायचे, "पान गार काहून वं? पाणी पाजलं ना तू?"

"हो, पाजलं! तहानलेल्याले पाणी नाही द्यावं का?"

या चोरट्या पाण्यामुळे झाड काही फुलेना. शेवटी मुलगा वैतागला; त्याला अंगणात गाडी ठेवायला झाडाची जागा हवी होती. "बाबा, गाडी काय डोक्यावर ठेवू? औंदा नाही फुललं, तर तोडून टाकतो."

त्या थंडीत कुमुदने मन घट्ट केलं आणि चोरून पाणी ओतणं थांबवलं. नेमके तेव्हाच भाऊजी दवाखान्यात. ती रोज पानाचा ताप पाहून त्यांना फोनवर सांगायची. एका सकाळी त्यांचा फोन मुलाने उचलला. भाऊजी क्षीण आवाजात एवढंच म्हणाले, "आज तोड."

मुलाला वाटलं, बाबांनी परवानगी दिली. तासाभरात तो कुऱ्हाडवाल्याला घेऊन हजर. कुमुद खोडाला मिठी मारून उभी राहिली. "अरे, झाड नाही रे! ताण तोड म्हणून राहिले ते, ताण!"

मुलगा पार वरमला. त्यानेच पाइप ओढत आणला, आणि आळं भरेपर्यंत तिथून हलला नाही.

झाड असं फुललं, की गल्लीत शिरताच वास यायचा. कुमुदने फुलांची डहाळी दवाखान्यात नेली. मी सोबत होते. भाऊजींनी ती हातात घेतली आणि तिलाच परत दिली. "आधी तू घे. औंदा झाडापेक्षा तुले ताण झाला वं."

संत्री पिकेपर्यंत ते राहिले नाहीत. मुलगा गाडी रस्त्यावरच उभी करतो. झाड अंगणात आहे.