गच्चीवरची गाडी

आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हाताखालून जाते. मिक्सर, मोबाइल, मुलीचं बंगळुरातलं भाड्याचं घर, काहीही असो. मी नापास केलं की विषय संपला. हिंजवडीत गेली बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते. पोरं महिनोन् महिने खपून काहीतरी उभं करतात आणि मी ते दहा मिनिटांत पाडून दाखवते. या कामाचा पगार मिळतो हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरी तर फुकट करते."

नवरा भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली, तेव्हा त्याने ती रांगेत पहिला उभा राहून घेतली आणि मग वर्षभर घरात काय करायचं ते त्याला सुचेना. सकाळी दूध आणायचं, दुपारी बातम्या, संध्याकाळी खिडकीतून माझ्या कंपनीच्या बसची वाट बघायची. अशात एक दिवस त्याने एका गाडीचं माहितीपत्रक घरी आणलं. चौकोनी, तीन दारांची, चारही चाकांना जोर असलेली, ओढ्यानाल्यांतून चालणारी गाडी. बिबवेवाडीहून निघायचं, महिनाभर स्पीती, लडाख, झांस्कर हिंडायचं, गाडीतच झोपायचं, गाडीमागे शेगडी मांडून जेवायचं, असा बेत. त्या दिवसापासून माणूस वेळेवर दाढी करायला लागला. त्यामुळे गाडी नापास झाली तर नुसती गाडी जाणार नव्हती, हे मलाही कळत होतं.

"तू पास कर, मग बुक करतो," असं त्याने आपणहून सांगितलं. इथे तो चुकला.

शोरूममधला सेल्समन टाय लावलेला, अतिशय गोड मुलगा होता. "मॅडम, ही गाडी कुठेही जाते," तो म्हणाला.

"आमच्या पार्किंगमध्ये जाते का?"

तो हसला. मी हसले नाही. तेवढ्यात नवऱ्याने पिशवीतून मोजपट्टी काढली, चकचकीत फरशीवर रुमाल अंथरला आणि गाडीखाली शिरला. "सर, सगळी मापं ब्रोशरमध्ये आहेत," मुलगा म्हणाला. खालून आवाज आला, "छापलेली वाचली. आता खरी घेतो." तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस कोणी सांगितलेल्या मापावर विश्वास ठेवत नाही. सेल्समन जेवून परत आला तरी मोजणी चालूच होती. मग त्याने टेस्ट ड्राइव्हसाठी शहराबाहेरचा खास खडबडीत ट्रॅक दाखवायची तयारी दाखवली. "एवढ्या लांब कशाला?" नवरा म्हणाला. "आमच्या घरापर्यंत चला."

तिथून पुढे महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी प्रश्न काढायचे, तो उत्तरं शोधायचा. मी बसमधून फोन करून विचारायचे, "टायर फुटला आणि समोर ट्रक उभा असला तर स्टेपनी काढायला मागचं दार उघडेल का?" संध्याकाळी तो चपला काढायच्या आत कागदावर आकृती दाखवायचा. चौदा हजार फुटांवर डाळ शिजत नाही म्हणून त्याला कुकर न्यायचा होता. मी कुकरला नकार दिला, मग स्वतःच वाचून बघितलं आणि मुकाट्याने मान्य केला. मी वहीत "कुकर: मान्य" असं लिहीत असताना त्याने मागून डोकावून बघितलं आणि मग तो दिवसभर शीळ घालत होता.

शेवटची परीक्षा सामानाची आणि झोपण्याची. शोरूमवाले कोणाला गाडीत झोपू देत नाहीत, मी विचारलं होतं. म्हणून एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सोसायटीच्या गच्चीवर खडूने खरी गाडी काढली. खरी म्हणजे मापाला मिलिमीटरपर्यंत खरी. पुढे जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या. मागे भरलेले पाण्याचे कॅन, पेट्रोलच्या कॅनऐवजी तेलाचे डबे, शेगडी, कुकर, आणि नवऱ्याची पान्यांची पेटी, जी उचलायला दोन माणसं लागतात आणि जिच्यातला एकही पाना कमी करायला तो तयार नव्हता.

मी चहाचे कप घेऊन सरळ आत गेले.

"भिंतीतून आलीस," तो म्हणाला.

मी परत बाहेर जाऊन दारातून आले. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट दुमडून, कंबर वाकवून, एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत थोडा वेळ विचार करावा लागत होता. मी तशी नोंद केली.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुरडयांची परात घेऊन वर आल्या. उन्हाळ्यात गच्चीचा तो कोपरा त्यांचा, हे सोसायटीच्या नियमावलीत नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी खडूच्या रेघा बघितल्या, खुर्चीत स्टिअरिंग धरल्यासारखा बसलेला माझा नवरा बघितला.

"गाडी कोणाची?"

"आमची, काकू."

"मग मागे घ्या जरा. इथे माझ्या कुरडया असतात."

"बॉनेटवर घाला ना. इंजिन बंद आहे."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि बॉनेटवर प्लास्टिक अंथरलं. "निघायच्या आधी सांगा म्हणजे झालं," म्हणाल्या आणि कुरडया घालून खाली गेल्या. पुण्यात माणसं असल्या गोष्टींना हसत नाहीत, त्यामुळे आम्हांलाही हसता आलं नाही.

मग झोपण्याची परीक्षा. नवऱ्याने मागची सीट दुमडली, म्हणजे मधली रेघ पुसली. डावीकडची पुढची खुर्ची बाजूला काढली आणि त्या लांबट जागेत सतरंजी अंथरली. मी त्यावर आडवी झाले. लांबी भरपूर. डोक्याशी पाण्याचा कॅन हाताला येत होता, पायाशी दार उघडायला जागा होती. रुंदी मात्र रेल्वेच्या बर्थएवढी. उजवीकडे पान्यांची पेटी, शेगडी आणि डबे छान, पक्के बसले होते. फार हुशारीने आखलेलं होतं सगळं. एकही इंच वाया गेला नव्हता. मी मनातल्या मनात गाडी पास केली आणि उठायला लागले.

आणि उठता उठता विचारलं, "मग दुसऱ्याने कुठे झोपायचं?"

"दुसरा कोण?"

"मी."

तो पेटीवर बसला होता. त्याने माझ्याकडे अगदी खऱ्या आश्चर्याने बघितलं. "तू येणार आहेस?"

माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: काहीही तपासायच्या आधी विचारा, वापरणारी माणसं किती. महिनाभरात मी स्टेपनी विचारली होती, कुकर विचारला होता, गाडी उलटली तर दार कुठलं उघडेल ते विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी जाणारही नव्हते. तो महिनाभर जाणार, मी पलंगावर तिरकी झोपणार, रात्री भेळ खाणार आणि कोणी मला टायरचं प्रेशर सांगणार नाही, असे मांडे मीच मनात खात होते. गाडी एवढी कसून तपासत होते ती तो धड परत यावा म्हणून. तरीही त्या सतरंजीवर माझ्यासाठी जागा नाही हे बघून मला इतका राग आला की रडू यायला लागलं.

लग्नात मी त्याला अहो म्हणायचं ठरलं होतं. ते आता मी फक्त भांडताना वापरते. "अहो, मला विचारलंत का कधी?"

"विचारलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "कच्छला. हंपीला. दोनदा कोकणात. तुझं रिलीज होतं."

चारही वेळा खरंच रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची तारीख.

"मग मी येणार नव्हतेच, तर मला हे सगळं कशाला दाखवत होतास? घ्यायची होतीस गाडी."

त्याने जवळच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "तू चुका काढल्यास की माझी खात्री होते," म्हणाला. "आणि महिनाभर तू रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत होतीस."

ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. आमच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची थोडी सावली होती, तिच्यात मी तशीच बसून राहिले. मला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं लोकांच्या चुका काढून खाणाऱ्या बाईला ही स्वतःची दिसली नव्हती.

"गाडी नापास," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. वाद नाही, आकृती नाही. उठून सतरंजीची घडी घालायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याने भलताच अर्थ घेतला होता.

"अरे, दोघांना झोपता येत नाही म्हणून नापास. पाच दारांची बघ. नाहीतर पान्यांची पेटी घरी ठेव."

तो घडी हातात घेऊन उभाच राहिला. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कोणाला सोडायचं याचा त्याने जरा जास्तच वेळ विचार केला, असं मला अजून वाटतं. मग म्हणाला, "अर्धे पाने काढतो."

सोमवारी मी ऑफिसात चार आठवड्यांची रजा टाकली. माझा मॅनेजर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे. एवढी रजा मी आधी दोनदाच घेतली होती, एकदा बाळंतपणाला आणि एकदा सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या तेव्हा. तो स्वतः माझ्या जागेवर आला, खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅम, घरी सगळं ओके आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "नवऱ्याला घेऊन जायचंय."

"ओह," तो म्हणाला. "कुठल्या हॉस्पिटलला?"