माइकवरची मराठी

गेल्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष झालो. झालो म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये मराठी माणसांना तोटा नाही, पण अध्यक्षाचं काम म्हणजे शाळेचा हॉल ठरवायचा, केटररच्या विनवण्या करायच्या आणि शेवटी मसालेभातात मीठ कमी होतं हे चारचौघांत ऐकून घ्यायचं. एवढ्या छळाच्या बदल्यात मी एकच मागणं मागितलं: गणपतीच्या दिवशी माइकवरून जे काही सांगितलं जाईल ते मराठीत.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ऑफिसातल्या एका बाईंनी. त्या मूळच्या बार्सिलोनाच्या, निवृत्तीला टेकलेल्या. दुपारी आम्ही एकत्र डबा खातो. त्यांच्या लहानपणी तिकडे हुकूमशाही होती आणि त्यांची कॅटलान भाषा घरापुरती उरली होती. शाळेत, कचेरीत, फलकांवर सगळीकडे सरकारची स्पॅनिश. मग त्यांच्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षाने स्टेडियमच्या कर्ण्यांवरून कॅटलानमध्ये सूचना द्यायला सुरुवात केली. हा माणूस काही क्रांतिकारक नव्हता, सूटबूट घालणारा धंदेवाला. भाषणबिषण काही नाही. बाईंनी वडिलांशेजारी बसून ऐकलेली पहिली सूचना अशी होती, की एक लहान मुलगी चुकली आहे, आईवडिलांनी दाराशी येऊन घेऊन जावी. एवढंच. आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारे त्यांचे वडील रडले.

"माझ्या भाच्याला त्या अध्यक्षाचं नावही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला वाटतं, सूचना पहिल्यापासून आमच्याच भाषेत होत्या."

हे माझ्या मनाला फार भिडलं. नाव विसरलं जावं आणि सवय उरावी, यापेक्षा एखाद्या अध्यक्षाने आणखी काय मिळवायचं? आमच्याकडे उलटं. लेझीम मराठी, आरती मराठी, फेटे मराठी. पण जेवणाची रांग कुठे लागली आहे हे सांगायचं तर इंग्रजी. माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाणार. त्याआधी एकदा तरी तिने घराबाहेर, भरल्या हॉलमध्ये, साध्या कामासाठी वापरलेली मराठी ऐकावी अशी माझी इच्छा होती.

कमिटीने मला वेड्यात काढलं. एक जण म्हणाला, "यार, कल्चर वेगळं, लॉजिस्टिक्स वेगळं. अनाउन्समेंट इंग्लिशमध्येच क्लिअर होते." दुसरीला नॉन-मराठी जावयांची काळजी. मी जावयांसाठी पडद्यावर भाषांतर दाखवायची तयारी दाखवली. त्यावर वाद थांबला, पण पटलं म्हणून नव्हे. सगळ्यांना घरी जायचं होतं.

गणपतीच्या दिवशी विनोदी नाटुकलं सुरू व्हायच्या जरा आधी शाळेचा सुरक्षारक्षक माझ्याकडे आला. अग्निशमन दलाच्या रस्त्यात कुणीतरी पांढरी व्हॅन लावली होती. ताबडतोब हलली नाही तर तो टोइंगवाल्याला बोलावणार होता. मी नंबर लिहून घेतला, रंगमंचावर गेलो आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, की पांढरी व्हॅन आगीच्या बंबाच्या वाटेत उभी आहे, मालकाने कृपया लगेच हलवावी, नाहीतर ती उचलून नेतील. नंबरही मराठी आकड्यांत वाचला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

क्षणभर मला खरंच वाटलं, की आज इथे तेच घडलं. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली, लोक खो खो हसायला लागले आणि माझ्या लक्षात आलं. त्यांना वाटलं होतं, नाटुकलं सुरू झालं. माइकवर मराठी म्हणजे नाटकच असणार ना! मी पुन्हा सांगितलं, जरा ओरडूनच. हशा वाढला. पडद्यावर भाषांतर टाकायचं काम ज्याच्याकडे होतं तोही हसत बसला होता. आणि विंगेतल्या नटांना वाटलं मी त्यांची एन्ट्री खातोय, म्हणून ते धावत बाहेर आले.

गाडी उचलून नेलीच. ती कुणाची असावी? मंडळ स्थापन करणाऱ्या निवृत्त डॉक्टरकाकांची. दरवर्षी मराठीच्या भवितव्यावर बोलताना ज्यांचा गळा दाटून येतो, ते काका. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या.

"अरे, सीरियस होतं तर इंग्लिशमध्ये सांगायचं ना," ते माझ्यावर कडाडले.

मी काही बोलणार तोच काकू म्हणाल्या, आता आधी घरी कसं जायचं ते बघा. कमिटीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की पुढल्या वर्षी माइक इंग्रजीतच. माझं मन राखायला एकाने सुचवलं, की मराठी सूचनांचा पाच मिनिटांचा आयटम ठेवू, लोकांना आवडला. तो चेष्टा करत नव्हता, म्हणून मला आणखी चीड आली. चिडून मी खुर्च्यांच्या घड्या करत सुटलो.

घरी जाताना मुलगी शेजारी बसली होती. ती खूश होती. म्हणाली, इंग्रजीतच, की बाबा, आज तू सगळ्यात भारी होतास, माझ्या मैत्रिणी हसून हसून लोळत होत्या. मी तिला सांगितलं, की तो विनोद नव्हता. गाडी खरंच तिथे होती, रक्षक खरंच आला होता, मी खरंच लोकांना सांगत होतो.

तिला माझं वाईट वाटलं हे मला दिसत होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि तिने अगदी हळू, मला दुखावू नये अशा बेताने विचारलं, "देन व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल देम, बाबा?"